खोटा रिव्ह्यू भाषेवरून ओळखता येतो का?

प्रश्न : हॉटेल ठरवताना मी रिव्ह्यू वाचते. लिहिण्याच्या धाटणीवरून खोटे रिव्ह्यू कळतात म्हणे. ते घरी कसं तपासायचं?

उत्तर : नुसतं वाचून आपल्याला वाटतं तितकं कळत नाही. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये शिकागोच्या २० हॉटेलांबद्दलचे ४०० खरे आणि ४०० पैसे देऊन लिहून घेतलेले कौतुकाचे रिव्ह्यू तपासले. त्यातले काही तीन वाचकांना दिले, तर सर्वांत तरबेज वाचकाचाही अंदाज जेमतेम ६२ टक्के वेळा बरोबर निघाला. संगणकाचा जवळपास ९० टक्के.

संगणकाने पकडलं ते साधंच होतं. खऱ्या रिव्ह्यूत जागा दिसते : खोली लहान, बाथरूम अमुक बाजूला, मजला कितवा. खोट्यात माणसं आणि निमित्तं येतात : मी, माझा नवरा, सुट्टी, शिवाय ‘सर्वोत्तम’ची खैरात. जिथे पाऊल टाकलं नाही तिथली खोली रचणं अवघड; कोणाबरोबर, कशासाठी गेलो हे सहज रचता येतं.

मराठीत मात्र ‘मी’ मोजून भागत नाही. तो ‘राहिलो’, ‘गेले होते’ यांत लपतो, क्रियापदंही मोजा. एकाच आठवड्यातले पंधराएक रिव्ह्यू घ्या, जागेच्या शब्दांखाली एक रेघ, स्वतःविषयीच्या शब्दांखाली दोन रेघा मारा. एकट्यादुकट्या रिव्ह्यूवरून काही ठरवू नका, काही लोक लिहितातच तसं. दुरेघी रिव्ह्यूंचा घोळका दिसला तर संशय घ्या.

आणि ९० टक्क्यांनी हुरळू नका. हजारात शंभर खोटे असतील, तर इतक्या अचूकतेने नव्वद खोटे सापडतील आणि नव्वद खरेही त्यांच्याबरोबर पकडले जातील.

प्रश्न : वेगवेगळ्या नावांमागे लिहिणारा एकच आहे, हे कसं कळेल?

उत्तर : मजकुरापेक्षा सवयी बघा. ‘केलं’ की ‘केले’, टिंबं दोन की चार, स्वल्पविरामाआधी मोकळी जागा, ‘खूपच’सारखा लाडका शब्द. संगणकही सलग तीन-चार अक्षरांचे तुकडे मोजून हेच करतो. पण पंचवीस शब्दांत कोणाची शैली उमटत नाही. एका खात्यावरचे सगळे रिव्ह्यू जोडून मगच दुसऱ्या खात्याशी ताडून पाहा. मजकूर यंत्राकडून लिहून घेतलेला असेल तर या सवयी पुसल्या जातात. तिथे तारखा आणि त्याच खात्याने आणखी कोणाकोणाला पाच तारे वाटलेत, हे जास्त उपयोगी पडतं.