'मोल' म्हणजे उदास नव्हे, मऊ

प्रश्न असा आला आहे: ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या क्लॅरिनेट पंचकाच्या (एक क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यं) ध्वनिमुद्रिकेवर 'एच-मोल' असं छापलं आहे आणि पहिल्या भागापुढे 'अलेग्रो'. अलेग्रो म्हणजे जलद, मग हे इतकं खिन्न का वाटतं? 'मोल'चा अर्थच उदास आहे का? आणि एच नावाचा स्वर असतो तरी का?

अलेग्रोचं आधी उरकतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ तरतरीत, उत्साही. त्यावरून इटालियनमध्ये तो 'आनंदी' झाला आणि वेगाचा अर्थ मागाहून चिकटला. बेटहोव्हेनसुद्धा या शब्दावर वैतागला होता. अलेग्रोचा अर्थ आनंदी आणि रचनेचा भाव पुष्कळदा नेमका उलट, ही तक्रार त्यानं १८१७ साली व्हिएन्नातल्या मोझेल या संगीतज्ञाला पत्रातून कळवली. त्याच्या ओपस ९५ या तंतुचौकडीच्या तिसऱ्या भागावर 'अलेग्रो' लिहून पुढे 'मा सेरिओसो', म्हणजे 'पण गंभीरपणे', असं जोडलेलं आहे. त्या 'पण'मध्येच सगळं आलं. ब्राम्सच्या अलेग्रोनं गती सांगितली आहे, भाव नाही. छपाईची चूक नाही.

आता 'मोल'. इंग्रजीत त्यालाच मायनर म्हणतात; पाश्चात्य संगीतातल्या दोन मुख्य स्वररचनांपैकी ती एक, दुसरी मेजर. मायनरचं भाषांतर 'गौण' असं करणारे लोक मला वर्षानुवर्षं छळत आले आहेत. मायनर म्हणजे लहान. लहान काय, तर षड्जापासून गांधारापर्यंतचं अंतर. मेजरमध्ये ते ४ अर्धस्वरांचं असतं, मायनरमध्ये ३. यात दुय्यम दर्जाचा प्रश्न येतोच कुठे? आपल्याकडे 'कोमल गांधार' हा नेमका शब्द तयार असताना गौण हवाच कशाला? आणि 'मायनर म्हणजे दुःख' हे समीकरण तर त्याहून वाईट. मेंडेल्सोननं १८२५ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी लिहिलेल्या अष्टकातलं स्केर्त्सो, म्हणजे खेळकर चालीचा भाग, जी मायनरमध्ये आहे आणि पिसासारखं तरंगतं. उलट याच क्लॅरिनेट पंचकातला अदाजिओ, म्हणजे संथ भाग, बी मेजरमध्ये आहे. तो ऐकून मेजर म्हणजे हर्ष असं कुणी म्हणून दाखवावं.

जर्मन लोक मेजर-मायनर म्हणतच नाहीत. ते 'दुर' आणि 'मोल' म्हणतात, आणि इथून खरी मजा आहे. मध्ययुगीन स्वरलिपीत 'बी' हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहीत. गोल बी म्हणजे उतरवलेला स्वर, त्याला 'मोल्ले', मऊ. चौकोनी बी म्हणजे न उतरवलेला, तो 'दुरुम', कठीण. गोल बीपासून आजचं कोमल स्वराचं चिन्ह झालं. फ्रेंच अजून त्याला 'बेमोल' म्हणतात, म्हणजे चक्क 'मऊ बी'. चौकोनी बीचं रूप एचसारखं दिसू लागलं आणि जर्मनीत तो स्वर 'एच' झाला, जर्मन उच्चारात 'हा'. छापखान्यातल्या जुळाऱ्यांच्या गफलतीमुळे एच आला, ही गोष्ट जाणकारही बिनदिक्कत सांगत असतात. कृपा करून थांबवा. पंधराव्या शतकातल्या जर्मन ऑर्गनवादकांच्या हस्तलिखितांत हा एच आहे. जुळाऱ्यांवर आळ कशाला? हा एच होता म्हणूनच बाख या जर्मन संगीतकाराला आपलं आडनाव बी-ए-सी-एच असं स्वरांत लिहिता आलं.

आता 'मोल्ले'चं मूळ पाहा. लॅटिन 'मोल्लिस' आणि संस्कृत 'मृदु' ही एकाच आदिरूपाची अपत्यं. मृदुचं प्राकृतात 'मउ' झालं आणि मराठीत 'मऊ'. म्हणजे व्हिएन्नातला वादक 'मोल' म्हणतो आणि आपण 'मऊ' म्हणतो तेव्हा आपण हजारो वर्षांपूर्वी फुटलेला एकच शब्द उच्चारत असतो! (मोलमजुरीतलं मोल निराळं, ते 'मूल्य'वरून आलेलं.) आपल्या संगीतकारांनी उतरवलेल्या स्वराला 'कोमल' म्हटलं. तो शब्द वेगळ्या कुळातला, पण कल्पना तीच. उतरलेला स्वर दोन्हीकडच्या कानांना हाताला लागावा तसा मऊ लागला, याचा मला फार आनंद वाटतो.

'दुर'बद्दल मात्र भांडण आहे. माझ्या मते लॅटिन 'दुरुस' हा संस्कृत 'दारु'चा, म्हणजे लाकडाचा सगासोयरा. देवदारातला दारु तो हाच, आणि कठोर या अर्थाचा 'दारुण'ही त्याच घरातला. लाकडासारखं ते कठीण. दुसरा पक्ष हे मानत नाही. तो 'दुरुस'ला 'लांबणे, टिकणे' अशा अर्थाच्या मुळाकडे ओढतो आणि 'दुरारे' या लॅटिन क्रियापदाचा 'टिकणे' हा अर्थ पुढे करतो. पण त्याच क्रियापदाचा 'कठीण करणे' हाही अर्थ आहे, तो ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात. कठीण वस्तू टिकते. अर्थ तिथून सरकला असं मानलं की वेगळं मूळ शोधावं लागत नाही. मऊ आणि दारुण अशी जोडी आपल्याच भाषेत समोर उभी असताना मी तरी ती सोडणार नाही.

राहिली त्या पंचकाची खिन्नता. १८९१ साली ब्राम्सनं ते रिचर्ड म्यूलफेल्ट या क्लॅरिनेटवादकासाठी लिहिलं. आरंभी दोन व्हायोलिनं अशी वाजतात की डी मेजर चाललंय की बी मायनर, हे क्षणभर कळतच नाही. ती उदासी या अनिश्चिततेतून आणि सुरावटीच्या खाली झुकण्यातून येते. वेगाच्या शब्दात ती शोधू नका.

वेष्टनावर इंग्रजीत 'बी मायनर', जर्मनमध्ये 'एच-मोल' आणि फ्रेंचमध्ये 'सी मिन्यर' (हा 'सी' दो-रे-मीमधला, इंग्रजी अक्षर सी नव्हे) असं दिसलं तरी रचना तीच, स्वर तोच. मात्र जर्मन मजकुरात 'बी-मोल' छापलेलं आढळलं तर ती चूक समजा. जर्मनांचा बी हा आपल्या लेखी कोमल बी असतो, म्हणजे पंचक अर्ध्या स्वरानं खाली घसरलं.