सरकारी नोकरीत असताना भावाला अपघातात अपंगत्व आलं. साहेब म्हणतात स्वेच्छानिवृत्ती घ्या. पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे गेल्यास उपयोग होईल का?

होईल, पण ती नंतरची पायरी. आधी भावाला कशावरही सही करू देऊ नका. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20(4) सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पदावनत करायचं नाही. जुनं काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं पद. तेही नसेल तर अधिसंख्य पद (म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्त तयार केलेलं जादा पद), योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत.

घोळ होतो तो अर्जात. आमच्याकडची युनियनची जुनी मंडळी अजून ‘मानवतेच्या दृष्टिकोनातून सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ असंच लिहून देतात. वर्षानुवर्षं यावर वाद घालतोय. दया मागितली की साहेबाला नाही म्हणायची मोकळीक मिळते! विषयातच कलम लिहा, ‘पर्यायी पद अथवा अधिसंख्य पद द्यावे’ एवढीच मागणी करा. सोबत युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आणि वैद्यकीय दाखला जोडा. दाखल्यात ‘सेवेस अयोग्य’ असा शेरा असेल तर तिथेच थांबा, तो तसाच जोडू नका. ‘सध्याच्या पदाच्या कामास अयोग्य’ ही वेगळी गोष्ट आहे, आणि कार्यालय पहिल्या शेऱ्यावरच फाइल बंद करतं. रजेचे अर्जही वेळच्या वेळी द्या, नाहीतर ‘अनधिकृत गैरहजर’ दाखवून वेगळीच चौकशी लावतात.

अर्जाची एक प्रत आवक क्रमांक आणि शिक्क्यासह परत घ्या. कलम 23 नुसार कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असायलाच हवा. तक्रार नोंदवहीत घेऊन दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. बहुतेक ठिकाणी ती वहीच नसते. तसं असेल तर तेही आयुक्तांकडच्या तक्रारीत लिहा, कामी येतं.

आयुक्तांना कागदपत्रं आणि माणसं बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत, पण शेवटी निघते ती शिफारस. ती मान्य नसेल तर कार्यालयाला तीन महिन्यांत कारणं द्यावी लागतात. पुढे राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. वकिलाच्या फीची चिंता नको. शिवाजीनगर न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून दिव्यांगांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो.

सही आधीच झाली असेल तर लगेच लेखी मागे घ्या, मंजुरीनंतर फार अवघड जातं. आणि हे 20(4) फक्त सरकारी आस्थापनांना लागू आहे, हिंजवडीतल्या खासगी कंपनीला नाही.