लक्झरचं ममीफिकेशन म्युझियम ‘वेळ उरला तर’मध्ये ढकलू नका

‘शेवटच्या दुपारी, क्रूझवर चढण्याआधी वेळ उरला तर ममीफिकेशन म्युझियम उरकू’ हे इजिप्तमधल्या लक्झर शहराच्या बेताबद्दलचं तुमचं वाक्य वाचलं आणि पोटात गोळाच आला. आमचा बेत अगदी हाच होता.

व्हिसा, टोप्या, पाणी वगैरे तुम्ही पाहिलं असेलच. मी फक्त आमच्या घोळाचं सांगते. बुकिंग करून देणाऱ्या ऑफिसला मी दोनदा वेळ विचारली होती. दोन्ही वेळा एकच उत्तर, ‘मॅडम, सकाळी नऊ ते रात्री नऊ, बिनधास्त जा.’ सासूबाईंना घेऊन सव्वादोनला पोचलो तर कुलूप. रखवालदाराने हाताची पाच बोटं दाखवली, म्हणजे पाचला उघडणार. क्रूझ चारला सुटत होती. नऊ ते नऊ खोटं नव्हतं म्हणा, दोन ते पाच हे मधले तीन तास तेवढे गाळले होते! वर, परत आल्यावर त्याच ऑफिसकडून ‘तिथे बघण्यासारखं फार नसतंच’ हेही ऐकून घेतलं. राग त्याचा जास्त आला.

दुसऱ्या फेरीत, तीन वर्षांनी, पहिल्याच संध्याकाळी गेलो. माझं स्पष्ट मत: नाईलच्या पश्चिम तीरावरच्या राजांच्या थडग्यांच्या आधी हे बघा, नंतर नाही. थडग्यांच्या भिंतींवर ममीवर ओणवा झालेला कोल्ह्याच्या तोंडाचा देव अनुबिस दिसतो, तो नक्की काय करतोय ते इथे कळतं. नाकातून मेंदू काढायची हत्यारं, आतडी-यकृत-फुप्फुसं-जठर ठेवायच्या चार बरण्या, सगळं समोर. हृदय मात्र आतच ठेवायचे. मला आधी वाटायचं, प्रेत लोणच्यासारखं मुरवत असतील. तसं नाही, ते चक्क वाळवण. नॅट्रॉन म्हणजे आपल्या पापडखाराच्याच घराण्यातला क्षार, त्यात साधारण चाळीस दिवस कोरडं पुरून ठेवायचे. पट्ट्या गुंडाळण्यासकट सगळा कारभार सत्तर दिवसांचा.

म्युझियम १९९७ सालचं आणि लहान आहे, तासाभरात होतं. माणसाची ममी एकच, एकविसाव्या राजवंशातला आमून देवाचा मुख्य पुजारी मासाहार्ता. बाकी मांजर, मगर, मेंढा, मासासुद्धा. ‘एवढंच?’ म्हणणारे लोक ममी मोजायला येतात. त्यांनी कैरोला फुस्तात भागातल्या इजिप्शियन संस्कृतीच्या राष्ट्रीय म्युझियममध्ये जावं, २०२१ साली बावीस राजे-राण्या मिरवणुकीने तिकडे हलवल्यात. (बडोद्याच्या म्युझियममधली ममी पाहिली नसेल तर तीही बघा, सयाजीरावांनी आणलेली. तिकडे दुपारची झोप आड येत नाही बहुतेक!)

इमारत रस्त्यावरून पटकन दिसत नाही. कॉर्निशवरून, म्हणजे नदीकाठच्या रस्त्यावरून, नाईलच्या बाजूला पायऱ्या उतरून जावं लागतं, आमचा टांगेवाला पुढे निघून गेला होता. वेळा मी गेले तेव्हाच्या आहेत. बदलल्या असतील, रमजानमध्ये तर वेगळ्याच असतात, त्यामुळे माझ्यावरही विसंबू नका. हॉटेलच्या रिसेप्शनला त्याच दिवशी विचारा, आणि विचारताना ‘दुपारी बंद असतं का?’ असंच विचारा.