फाइल उघडण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

कॅन्सरच्या चौथ्या स्टेजच्या पेशंटांसाठी शोधाशोध करायची, डॉक्टरांकडे त्यांच्यासोबत जायचं, असं तू ठरवलंस हे वाचून बरं वाटलं. इंटरनेट हाताशी आहे, इंग्रजी येतं, तेव्हा एखादं नवं औषध आपणच शोधून काढू, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटतं. त्या हौसेला जरा आवर. पेशंटला स्वतःला काय विचारायचंय ते आधी शोध, औषधाचं नंतर बघू.

सुरुवात कागदांपासून कर. लोक पेट स्कॅनची भलीमोठी पिशवी घेऊन येतात आणि बायोप्सीचा रिपोर्ट घरी राहिलेला असतो. आधी तो माग. मग स्लाइड आणि ब्लॉक कुठे आहेत ते विचार. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. कोणतं औषध लागू पडेल ते ठरवणाऱ्या ईजीएफआर, एएलके, हर-टू अशा तपासण्या बहुधा त्यावरच होतात. तालुक्याच्या एखाद्या लॅबमध्ये तो पडून असतो, अर्ज करून मागावा लागतो. घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळतो का बघ, आणि उन्हात उभ्या गाडीत ठेवू देऊ नकोस. मेण आहे ते. उपचारांच्या नोंदी मागितल्यावर डॉक्टरांनी ७२ तासांत द्याव्यात, असा २००२च्या वैद्यकीय आचारनियमांत नियम आहे. पण तो कुणाच्या तोंडावर फेकू नकोस. रेकॉर्ड रूममधल्या माणसाशी गोडीने बोललं की काम लवकर होतं.

यापेक्षा अवघड भाग पुढेच आहे. “बाबांना काही सांगू नका हं.” हे वाक्य तुला घरोघरी ऐकू येईल. मुलगा जिन्यात गाठून सांगेल, सून मागाहून फोन करेल. त्यांच्यावर चिडू नकोस, ती माया असते. पण बाबांना बहुतेक वेळा कळलेलंच असतं. परळला टाटाच्या ओपीडीत दिवसभर बसलेल्या माणसाला आजूबाजूला कोण बसलंय ते दिसत नाही होय? तरी ते गप्प राहतात, कारण पोरगं घाबरेल. असे दोघंही एकमेकांना जपत राहतात आणि त्यात मृत्युपत्र राहतं, बँकेच्या सह्या राहतात, एकदा गावी जाऊन यायचं राहतं. तू स्वतःहून काही फोडू नकोस, पण खोटंही बोलू नकोस, आणि हे मुलाला पहिल्याच भेटीत सांगून टाक. पेशंटला एकटं गाठून विचार: “काका, रिपोर्टमधलं तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायचंय? की मी मुलाशीच बोलू?” काही जण म्हणतील, त्याच्याशीच बोल. मग तसंच करायचं. कुणी थेट विचारलं, “किती दिवस आहेत?”, तर डॉक्टरांना आपण मिळून विचारू म्हणायचं आणि त्या वेळी शेजारी बसायचं. महिन्यांचे आकडे आपल्या तोंडून जाता कामा नयेत.

वाचायचं कसं, ते एका उदाहरणावरून सांगते. तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे मोप, तंबाखू-मिश्रीची कृपा. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या महागड्या उपचाराचं, नाव ऐकून जमीन विकायला निघालेली घरं तुला भेटतील. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी २०२२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. एरवी २४० मिलिग्रॅम देतात ते निवोलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध त्यांनी तोंडाने घ्यायच्या औषधांच्या जोडीला, तीन आठवड्यांतून एकदा, फक्त २० मिलिग्रॅम दिलं. वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. हे वाचून तू लगेच फोन उचलशील. थांब, पुढचंही वाच. निम्मे पेशंट जिथवर पोचले तो टप्पा ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. आणि अभ्यासात घेतलेले सगळे चालतेफिरते होते. आपला पेशंट दिवसभर अंथरुणावर असेल, तर हे आकडे त्याचे नाहीत. म्हणून डॉक्टरांपुढे कागदांचा गठ्ठा ठेवायचा नाही. एक पान न्यायचं आणि विचारायचं, “हे आमच्या पेशंटला लागू होतं का? नसेल तर कशामुळे?”

नव्या औषधाच्या चाचणीचं कुणी सुचवलं तर सीटीआरआयचा, म्हणजे औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक माग. नोंदणी म्हणजे गुणाची हमी नव्हे, एवढं लक्षात ठेव. चाचणीच्या पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस किती झेपतो ते पाहतात, हे घरच्यांना स्पष्ट कळायला हवं. चाचणी म्हणत लाखो रुपये मागणाऱ्यांकडून मात्र पेशंटला सरळ उठवून आण.

पॅलिएटिव्ह, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणारी सेवा, म्हटलं की घरचे समजतात, डॉक्टरांनी हात टेकले. त्यांना बोस्टनचा २०१०चा अभ्यास सांग: फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये ज्यांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांच्यातले निम्मे पेशंट जिथवर पोचले तो टप्पा ११.६ महिने होता, बाकीच्यांचा ८.९. मॉर्फिन या तीव्र वेदनांवरच्या औषधाची भीतीही अशीच. रात्रभर कण्हणाऱ्या माणसाला सवय लागेल म्हणून गोळी न देणं, हे मला अजून सहन होत नाही.

येत्या सोमवारी येशील तेव्हा एक कोरी वही आण. पेशंटचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवायचे, सुधारून लिहायचे नाहीत. “सकाळची पेज पोटात टिकेल का?” असं कुणी विचारलं, तर डॉक्टरांपुढे तोच प्रश्न पहिला.

तुझी,
ताई