वाचकांचे प्रश्न: कूलंट जातं कुठे?

प्रश्न : आठ वर्षं जुनी पेट्रोल कार आहे. कूलंटच्या टाकीत दर महिन्याला अर्धा लिटर पाणी घालावं लागतं, पण पार्किंगमध्ये खाली थेंब दिसत नाही. खंबाटकी घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला. गॅरेजवाले थर्मोस्टॅट काढून टाकू म्हणतात. काढू का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅटमधलं मेण साधारण ८२ ते ८८ अंशांना वितळून फुगतं, झडप उघडते आणि मग कूलंट रेडिएटरकडे जातं. तोवर ते इंजिनातच फिरतं, म्हणून इंजिन लवकर गरम होतं. थर्मोस्टॅट काढला तर रोज सकाळी इंजिन बराच वेळ थंड राहील, पेट्रोल जास्त जाईल आणि मूळ दोष तसाच राहील. झडप अडकल्याची शंका असेल तर थर्मोस्टॅट गरम पाण्यात तपासा आणि खराब निघाल्यास नवा बसवा.

मूळ दोष गळतीचा आहे. कूलंट बंद चक्रात फिरतं, पेट्रोलसारखं खर्च होत नाही. महिन्याला अर्धा लिटर कमी होतंय म्हणजे ते कुठूनतरी बाहेर जातंय. थेंब गरम इंजिनावरच सुकत असतील, तर फरशी कोरडीच राहणार.

आधी कूलंटचं झाकण पाहा, तेही इंजिन पूर्ण थंड असताना, शक्यतो सकाळी. पुण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाने सुमारे १ बार दाब धरला की हाच आकडा ११९पर्यंत जातो. झाकणाचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग ढिली पडली, की दाब टिकत नाही आणि घाटात कूलंट उकळून बाहेर पडतं. नवं झाकण घेताना जुन्यावर छापलेला दाबाचा आकडाच घ्या.

काही गाड्यांत झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची टाकी बिनदाबाची. इंजिन थंड होताना रेडिएटर त्या टाकीतून कूलंट परत ओढून घेतो. मधल्या नळीला चीर असेल तर कूलंटऐवजी हवा ओढली जाते आणि टाकी भरलेली, रेडिएटर मात्र रिकामा, असं होतं. म्हणून अशा गाडीत नुसत्या टाकीतल्या पातळीवर विसंबू नका. ज्या गाडीत झाकण टाकीवरच असतं, तिथे टाकीही दाबाखाली असते. तिच्या जोडावर बारीक तडा पडलाय का, बघा.

झाकण ठीक असेल तर प्रेशर टेस्ट करून घ्या. थंड इंजिनाला हातपंप लावून झाकणाइतका दाब द्यायचा आणि १५ मिनिटं काटा पाहायचा. तो खाली येत असेल तर होसचे (रबरी नळ्यांचे) जोड, वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि रेडिएटरच्या कडा पाहा. वाळलेला पांढरा किंवा रंगीत डाग हीच खूण. पुढच्या सीटपाशी गालिचा ओलसर आणि गोडसर वास असेल तर हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) गळतोय. बाहेर काहीच सापडलं नाही तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचा हेड यांच्यामधली सील, गेल्याची शंका घ्या. खुणा: सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर. अशी गाडी चालवू नका.

प्रश्न : पुण्यात बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला? बोअरचं पाणी चालणार नाही का?
— एक वाचक, वाघोली

उत्तर : नाही. गोठणं रोखणं हे कूलंटच्या कामांपैकी फक्त एक. त्यातली गंजरोधक द्रव्यं ॲल्युमिनियमचा हेड आणि वॉटर पंप सांभाळतात, तर ग्लायकॉल या मुख्य घटकामुळे उत्कलनबिंदूही वाढतो. बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळ्यांत थर धरतात आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत.

घट्ट कूलंट (कॉन्सन्ट्रेट) आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं घ्या. तयार मिश्रणात पाणी घालू नका. रंगावरून प्रकार ओळखू नका, मॅन्युअलमधला दर्जा पाहा. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत हवा जाऊ द्या. सांडलेलं लगेच धुवा: ग्लायकॉल गोड लागतं, म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि ते विषारी असतं.