माळवद पाडावं की ठेवावं?

प्रश्न : तुळजापूर तालुक्यात आमचं पणजोबांनी बांधलेलं पाच खणांचं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं जुनं घर आहे. खांब सागवानी, भिंती दोन हात जाड. भाऊबंद म्हणतात, ९३ च्या भूकंपात असलीच घरं बसली. वरचं धाबं (मातीचं छप्पर) काढून त्याच भिंतींवर स्लॅब टाकू. काय करावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : भाऊबंदांची भीती खोटी नाही, पण उपाय रोगापेक्षा वाईट आहे. दगडमातीच्या जुन्या भिंतीवर स्लॅब अजिबात नको.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर पट्ट्यात माणसं मेली ती भिंतींखाली आणि धाब्याच्या मातीखाली. तुमची भिंत दोन हात जाड दिसते, पण ती एकसंध नाही. आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये चिपा आणि माती. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड गवंड्यांनी क्वचितच घातला. हादरा बसला की थर सुटतात, भिंतीला पोट येतं आणि ती फुटते. त्यात दर उन्हाळ्यात मृगाआधी गळती नको म्हणून वर पांढऱ्या मातीची पाटी पडते. जुनी मात्र कुणी खरवडत नाही! दोन-तीन पिढ्यांत हातभर थर साचतो. त्याचं वजन तुम्हीच करा.

मात्र जिथे खांब, तुळया आणि सर (वरची आडवी लाकडं) असा लाकडी सांगाडा पुरा होता, तिथे भिंती ढासळूनही धाबं खांबांवर उभं राहिलं आणि आतली माणसं वाचली. तेव्हा आधी एवढंच बघा, तुळयांची टोकं भिंतीत घुसवलीत की तिथेही खांब आहे? बरेचदा तो भिंतीत लिंपलेला असतो. पोपडा काढा, तळखड्याच्या (खांबाखालच्या दगडाच्या) वर खांबाच्या बुडाशी दाभण टोचा. सहज बोटभर शिरलं तर वाळवीने काम केलंय, बूड बदलावं लागेल. खणखणीत असेल तर घर ठेवा, माझं स्पष्ट मत.

मग माती वीतभर ठेवून बाकीची उतरवा. खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू ठोका. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून सळईसह काँक्रीट भरून घ्या. हे काम दगडी घरांची माहिती असलेल्या इंजिनिअरच्या नजरेखालीच व्हावं. भोकं पाडताना घाई केली तर भिंत तिथेच बसेल. बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका, ओल आत कोंडते. सवणी, म्हणजे धाब्यातली उजेड-हवेची भोकं, बुजवू नका. बळद (धान्य साठवायची जागा) रिकामं पडलं असेल तर तिथली ओल आधी तपासा, वाळवीचं माहेर तेच.

उतरवलेली माती उकिरड्यावर टाकू नका. चाळून घेतलीत तर वरच्या थराला तीच लागेल, उरलेली शेतात पसरा.