पुंगळीचा नेक का फाटतो आणि बोल्ट का जड होतो

नंदगडकर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ओहायोत राहून तुम्ही .३०८ रायफलच्या पुंगळ्या, म्हणजे काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळ्या, घरी पुन्हा भरता. आधी साधी फुल लेंथ डाय, म्हणजे अख्खी पुंगळी दाबून मापात आणणारा साचा, वापरली, तर पाचव्या फेरीला नेक, म्हणजे बुलेट धरणारे गळे, फाटू लागले. मग कुणीतरी सांगितलं म्हणून फक्त नेक सायझिंग केलं, म्हणजे नुसता गळा आवळला, तर चौथ्या फेरीला बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणारा रायफलचा दांडा, जड झाला. शिवाय डब्यात नुसत्या पडून राहिलेल्या काही पुंगळ्यांनाही गळ्याशी चिरा दिसल्या. आणि आता विचारताय, कोणती महाग डाय घेऊ?

डायचं नंतर बघू. आधी पितळाकडे बघा. मी मिशिगनमध्ये टूलरूमला होतो तेव्हा बरीच वर्षं .३०८ च भरत होतो. आता बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर असतो. पण पितळ मला त्याआधीच कळलं, आजोबांमुळे. ते तांबट. घागर मठारताना पत्रा हातोड्याखाली कडक होत जातो. मध्ये मध्ये भट्टीत ताव दिला नाही तर काठ चिरतो, हे मी सातव्या-आठव्या वर्षी डोळ्यांनी पाहिलंय. पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. त्याचा स्वभाव तोच. दाबलं की कडक, ताणलं की आणखी कडक. तुमचा नेक दर फेरीला किती हलतो, हाच खरा हिशोब आहे.

तो हिशोब थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मांडून बघा. उडवलेल्या पुंगळीचा नेक बाहेरून साधारण ०.३४३ इंच भरतो. साधी डाय सगळ्यांच्या पुंगळ्यांना चालावी म्हणून घट्ट केलेली असते. ती नेकला ०.३३१ च्या आसपास आणते, म्हणजे बारा थाऊ आत. मग डायच्या मधल्या दांडीवरचा एक्सपँडर बॉल बाहेर येताना तोच नेक आतून उघडतो आणि ०.३३६ ला नेतो. पाच थाऊ बाहेर. एकूण सतरा. आता तुमची बुलेट ०.३०८ आणि नेकची भिंत ०.०१५ धरली तर भरलेल्या काडतुसाचा नेक ०.३३८ येतो. बुशिंग डायमध्ये ०.३३६ चं बुशिंग, म्हणजे बदलता येणारी कडी, घातलं तर नेक सरळ ०.३४३ वरून ०.३३६ ला येतो. फक्त सात थाऊ, आणि मागे ओढणारा बॉल नाही. तोच नेक, तीच बुलेट, आणि पितळाला निम्म्याहून कमी त्रास. बॉल कोरड्या नेकमधून ओढला की नेक वाकडाही होतो, आणि मग बुलेट सरळ बसत नाही. साधीच डाय ठेवायची असेल तर निदान नेकच्या आत ग्रॅफाइटची पूड लावा. खांद्यावर, म्हणजे नेकखालच्या उतारावर, मात्र तेल साचू देऊ नका. तेल दबत नाही, ते पितळाला खळगा पाडतं.

बुशिंग निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पितळ परत फुगतं, साधारण एक थाऊ. म्हणून भरलेल्या नेकच्या मापापेक्षा दोन थाऊ लहान बुशिंगपासून सुरुवात करा. सात थाऊ एका दमात आणण्यापेक्षा ०.३४० आणि मग ०.३३६ असं दोन टप्प्यांत आणलं तर नेक अधिक सरळ राहतो, हा माझा अनुभव. बुशिंग बाहेरून दाबतं, त्यामुळे भिंत एका बाजूला जाड असेल तर ती खोट आत ढकलली जाते. कॉलेट डाय उलट काम करते. मधल्या दांडीवर, म्हणजे मँड्रेलवर, नेक चारही बाजूंनी आवळते, वंगण लागत नाही, नेक सरळ निघतो. साध्या शिकारी रायफलच्या माणसाला मी आजही कॉलेटच सुचवीन.

आता बोल्ट. फक्त नेक सायझिंग केलं की पुंगळीचं अंग आणि खांदा तुमच्या चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, मापाला फुगत जातो. दोनतीन फेऱ्या मजा वाटते, पुढे पितळ कडक झालं की आकसत नाही आणि बोल्ट अडतो. त्यावर उपाय फुल लेंथ सायझिंगच, पण मापात. खांदा मोजायचा गेज घ्या, उडवलेल्या पुंगळीचं माप टिपा आणि डाय इतकीच खाली घ्या की खांदा एक ते दोन थाऊ मागे सरकेल. बोल्ट अॅक्शनला तेवढं पुरे. डाय शेलहोल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या तुकड्याला, टेकेपर्यंत फिरवायची सवय लागली असेल तर ती आजच सोडा. खांदा फार मागे गेला की दर फेरीला पुंगळी बुडाशी ताणली जाते, तिथे चकचकीत कडी दिसते, आणि एक दिवस बूड तुटून वेगळं होतं. तुमच्या तोंडावर सोसाट्याचा गॅस येतो. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतून बुडाशी फिरवा. खाच लागली तर ती पुंगळी भंगारात. याबाबत मी कुणाची भीड धरत नाही.

न उडवता आलेल्या चिरांचं मला सगळ्यात जास्त वाटलं. हा आजार आपल्याच देशात गाजलेला आहे. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवायचे, आणि पाऊस सरेपर्यंत पितळ चिरायचं. कारण घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळात दबून राहिलेला ताण, हे १९२१ मध्ये नीट उलगडलं. आजोबा गोठ्यात पितळी घागर ठेवू देत नसत, त्याचं कारण मला हे वाचल्यावर समजलं. तुमच्या गॅरेजमध्ये खत, कोंबडीची विष्ठा किंवा अमोनियाचं पॉलिश आहे का बघा. डबा तिथून हलवा. पुंगळ्या अमोनिया असलेल्या पॉलिशने कधीही घासू नका.

ताव द्यायचा तर फक्त नेक आणि खांद्याला, काही सेकंद, साधारण ४०० अंश सेल्सिअसपर्यंत. त्या मापाचं ताप दाखवणारं रंगद्रव्य मिळतं, ते नेकच्या आत लावा. उजेडात लाल दिसेपर्यंत तापवलं तर नेक बुलेट धरत नाही. बूड कधीही मऊ होता कामा नये, कारण सगळा दाब तेच पेलतं. पाण्यात बुडवल्याने पितळ कडक होत नाही, ते पोलादाचं गणित. पाणी फक्त उष्णता बुडाकडे जाऊ देत नाही. तीनचार फेऱ्यांनी एकदा ताव पुरतो.

इकडे बेळगाव-खानापूरला वाचणाऱ्यांनी मात्र यातलं काही घरी करू नये. डुकरं उसात शिरतात म्हणून परवान्याची बंदूक असली तरी काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो. शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ तसं सांगतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. त्या कायद्यात काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही दारूगोळ्यातच मोडतात. म्हणून नंदगडकर, गणपतीला गावी येताना भावासाठी डाय किंवा पुंगळ्या बॅगेत घालू नका. भाऊ कितीही मागे लागू दे.

आता एक करा. पाच पुंगळ्या घ्या. उडवलेल्या नेकचं, सायझिंगनंतरचं आणि बुलेट बसवल्यानंतरचं माप मायक्रोमीटरने घ्या, कॅलिपरवर विसंबू नका. आकडे इथे लिहा, बुशिंगचा नंबर मी सांगतो.